ग्रहणातली कोजागिरी

चाकूर
१० सप्टेंबर २०२५

गौसियाबाईंना सिंधुचा नमस्कार.

हस्ताक्षर ओळखीचं नाही म्हणून पाकीट बाजूला ठेवू नका. मी हरिओमची आई. तुमच्या गच्चीवरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहिला, टॉवर दुरुस्तीच्या कामाला होता, त्या हरिओमची. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो गेला, तेव्हा तुम्ही आणि वाजिदभाई त्याची बॅग आणि पांघरुणं पोचवायला इथवर आला होतात. मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. उन्हातून आलेल्या माणसांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते मनात राहिलंय, म्हणून आधी ते लिहिते.

फोन का केला नाही म्हणाल, तर वर्षभरापूर्वी माझे कान गेले. कुणीतरी फोन कानाला लावून दोन्हीकडून ओरडायचं, म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकायचं. हे गल्लीनं ऐकण्यासारखं नाही. लिहायचा मात्र मला कंटाळा नाही. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिली. काट्यावर जे दिसेल ते लिहायचं, वरचे लोक रागावले तरी वाढवून लिहायचं नाही, ही माझी खोड. त्यापायी बोलणीही पुष्कळ खाल्ली.

गेल्या रविवारी चंद्रग्रहण लागलं. ढग होते, तरी थोडा वेळ तांबडा झालेला चंद्र दिसला. तेव्हापासून मला झोप नाही.

तुम्हाला आमची रीत माहीत असेल की नाही, म्हणून सांगते. कोजागिरीला आमच्यात थोरल्या लेकराची आश्विनी करतात. घरात जे पहिलं जन्मलं, त्याला त्या रात्री चंद्राच्या उजेडात पाटावर बसवायचं, आईनं ओवाळायचं, नवा कपडा द्यायचा. मग दुधात चंद्र बघायचा आणि ते दूध प्यायचं. धाकट्याला यातलं काही नसतं. माझी तनुजा लहानपणी याच गोष्टीवरून रुसून मोरीत जाऊन बसायची. हरिओमला मी तेहतीस वर्षं ओवाळलं. मिशा फुटल्या, नोकरी लागली, तरी कोजागिरीला तो येऊन पाटावर बसायचा.

दोन वर्षांपूर्वी नेमकं कोजागिरीलाच ग्रहण आलं. दुपारी चारपासून वेध. आमच्या गल्लीतल्या नागुबाई म्हणाल्या, ग्रहणाच्या रात्री ओवाळलेलं उलटं पडतं. त्या वर्षी मी हरिओमची आश्विनी केली नाही. पुढं दिवाळीत ओवाळलं, पण दिवाळीचं ओवाळणं सगळ्यांचं असतं. हे एकट्या थोरल्याचं होतं. पाच महिन्यांनी लोह्याच्या रस्त्यावर, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली.

आता तनुजाला एप्रिलमध्ये मुलगी झाली. ईश्वरी नाव ठेवलंय. तिचं पहिलं लेकरू, म्हणजे यंदा तिची पहिली आश्विनी. तनुजा म्हणते, लातूरला ये, पहिल्यांदा आजीच्या हातानं ओवाळून घेऊ. मी येत नाही म्हणून कळवलंय. माझा हात त्या लेकरावरून फिरू नये असं मला वाटतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं.

शेवटच्या वर्षांत तो माझ्यापेक्षा तुमच्या घरात जास्त राहिला. म्हणून तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या कोजागिरीबद्दल तो तुमच्याजवळ कधी काही बोलला का? मनाला लावून घेतलं होतं का? असेल तसं लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

सिंधु


नांदेड
१६ सप्टेंबर २०२५

सिंधुताई, सलाम.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून राहिले होते. नवरी दोन महिन्यांत एवढी जाड झाली की माझंच माप चुकलं असं तिची आई म्हणते. हात तसाच ठेवून तुमचं पत्र उभ्यानं वाचलं. मग दुकान बंद केलं. ब्लाउज अजून तसाच पडलाय.

पाण्याचं मनातून काढून टाका. त्या दिवशी कोण कुणाला पाणी विचारणार होतं? तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, ते मी बघितलं होतं. मी पण आई आहे, ताई. माझा थोरला जीशान सौदीला आहे, तीन वर्षं झाली, जुम्म्याला फोन करतो. आवाज येतो, पण पोराच्या डोक्याला हात लावायला मिळत नाही. म्हणूनच तुमच्या हरिओमचं येणंजाणं मला बरं वाटायचं. मला चाची म्हणायचा. जिन्यातून हाक मारायचा, "चाची, भाजीचा वास वरपर्यंत आला, आता खालीच जेवावं लागतंय." भाजी बहुतेक वांग्याचीच असायची आणि त्याला वांगं आवडत नव्हतं, तरी यायचा.

माझं मराठी कच्चं वाटलं तर हसू नका. माझं माहेर देगलूरचं. तिथं घरात एक बोली, बाजारात दुसरी, शाळेत मराठी. तिन्ही अर्ध्या-अर्ध्या आल्या.

आता तुम्ही विचारलं त्याचं सांगते. ताई, तुमचा लेक ओवाळल्याविना राहिला नाही.

ती ग्रहणाची रात्र मला चांगली आठवते. हे मशिदीत गेले होते, आमच्यात ग्रहणाची वेगळी नमाज असते. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर हरिओम पाण्याच्या टाकीला टेकून चंद्राकडं बघत बसला होता. मी विचारलं, काय रे, असा का बसला? तो म्हणाला, "आज माझ्या आईनं मला ओवाळायचा दिवस हाय, पण ग्रहणामुळं जाता आलं न्हाई." मला कसंतरी झालं. शेजारच्या पार्वतम्माकडून मी निरांजन मागून आणलं. कुंकूही तिचंच. मला कुठून फिरवायचं ते येत नव्हतं, तर तोच सांगत होता, "चाची, उजवीकडून." तीनदा फिरवलं. चंद्र अगदी डोक्यावर होता, लख्ख. हसून म्हणाला, "आता आई रागावंल, तिच्या आधी तुम्ही नंबर लावला म्हणून." त्यानं काही मनाला लावून घेतलं नव्हतं, ताई. पोटभर दूध पिऊन झोपला.

तेव्हा आईचा हात नसला तरी एका आईचा होता, असं समजा. तुम्ही लातूरला जा. नातीला ओवाळा. गुडघ्यांचं निमित्त लेकीला कळत नसेल असं समजू नका. लेकींना सगळं कळतं, त्या बोलत नाहीत एवढंच.

वाजिद सलाम सांगतात.

तुमची
गौसिया


चाकूर
२१ सप्टेंबर २०२५

गौसियाबाईंना नमस्कार.

आज सर्वपित्री अमावास्या. यांनी सकाळी पान वाढून पत्र्यावर ठेवलं. कावळा यायला दुपार झाली. पावसात कावळे तरी कुठून येणार. सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं आहे, पण त्याबद्दल हे काही बोलत नाहीत, मी विचारत नाही.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं आणि रडले. दुसऱ्यांदा वाचलं आणि राग आला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा रागही गेला. आता जे आहे ते लिहिते.

बाई, त्या रात्री हरिओम तुमच्या गच्चीवर नव्हता. तो इथं होता.

पहिल्या पत्रात मी एवढंच लिहिलं की आश्विनी केली नाही. तो आला होता हे मी लिहिलं नाही. लाज वाटली म्हणून. माझंही चुकलंच. अर्धं लिहिलं, आणि उरलेलं तुम्ही तुमच्या मनानं भरलंत.

झालं ते असं. मी तनुजाकरवी त्याला निरोप दिला होता की यंदा येऊ नकोस, ग्रहण आहे. तरी शनिवारी संध्याकाळी साडेसातला हा दारात उभा. हातात दुधात घालायच्या मसाल्याची पुडी. "आई, आलो की मी." मी म्हणाले, "कशाला आलास? वेध लागलेत. आज काही करता यायचं न्हाई." तो म्हणाला, "मंग न्हाई तर न्हाई. पुढच्या साली दोनदा ओवाळ, दोन शर्ट घे." असं म्हणून हसला आणि बाहेरच्या पलंगावर बसला.

दुपारपासून चूल बंद होती. हे म्हणाले, "अगं, पोरगं कामावरून आलंय, दोन घास वाढ की त्याला." मी वाढलं नाही. वेधात जेवत नाहीत, असं मीच म्हणाले. म्हाताऱ्यांना चालतं, आजाऱ्याला चालतं, तो काही म्हातारा नव्हता. सत्तावीस वर्षं गावभरच्या पोरांना खाऊ घातला आणि माझं पोरगं उपाशी झोपलं. पहाटे मी ग्रहणाची आंघोळ करत होते, तेवढ्यात पहिली गाडी आली आणि तो गेला. जाताना त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. त्या रात्रीचं बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तेव्हा निरांजन, पार्वतम्माचं कुंकू, उजवीकडून फिरवणं, हे सगळं तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत, हे मला कळतं. इतकं मन लावून माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं. तुमचा राग धरणार नाही. पण मी विचारलं होतं, असेल तसं लिहा. आता मला काहीच कळायचा मार्ग उरला नाही.

लातूरला मी जाणार नाही. तनुजाचा परवा पुन्हा निरोप आला. ती म्हणते, नाही आलीस तर मीही करणार नाही, पोरीची पहिली आश्विनी राहू दे तशीच. मायलेकी दोघीही हट्टी.

सिंधु


नांदेड
२५ सप्टेंबर २०२५

सिंधुताई,

काय तोंडानं लिहू? तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं सांगते. त्या शनिवारी वरच्या खोलीला कुलूप होतं, एवढंच मला माहीत होतं. मला वाटलं, टॉवरवर रात्रपाळीला गेला असेल, असा तो महिन्यातून चारदा जायचा. तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या आल्या. मनात म्हटलं, बाई एवढ्या लांबून विचारते, आणि माझ्याजवळ द्यायला काही नाही. मग हातानं लिहीत गेले. एक टाका घातला की दुसरा घालावाच लागतो. शेवटी तर मलाच वाटायला लागलं की मी खरंच ओवाळलं होतं.

पत्र टाकायच्या आधी वाजिदना दाखवलं होतं. ते म्हणाले, "गौसिया, हे पाठवू नको. ती बाई दुखात आहे, तिच्यासमोर खोटं धरू नको." मी ऐकलं नाही. चाळीस वर्षांत त्यांचं ऐकलं नाही, आताच कशाला ऐकेन?

मला माफ करा. तो उपाशी झोपला म्हणून तुम्ही स्वतःला जाळून घेता, आणि मी त्याला दूध पाजून झोपवलं असं लिहिलं. तुम्ही ते वाचलं तेव्हा तुम्हाला काय झालं असेल, याचा विचार करून माझी झोप गेली.

चार ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील.

गौसिया


नांदेड
३० सप्टेंबर २०२५

सिंधुताई, सलाम.

तुमचं उत्तर आलं नाही. पावसानं रस्ते बंद होते म्हणतात, गोदावरीचं पाणी इथं खालच्या वस्तीत शिरलं होतं, तेव्हा टपाल अडकलं असेल असं मी स्वतःला समजावते. कदाचित तुम्ही लिहिलंच नसेल. तरी हे पत्र लिहिणं मला भाग आहे. वाचून फाडलंत तरी चालेल, पण वाचा.

परवा रात्री जेवताना मी वाजिदना तुमचं सगळं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकत होते. मग घास हातात धरून म्हणाले, "ग्रहणाच्या नमाजेच्या दुसऱ्या दिवशी ना? इतवार होता. मी उशिरा उठलो. खाली आलो तर तो पोरगा आपल्या ओट्यावर बसून खिचडी खात होता, आणि तुला हातानं काहीतरी करून दाखवत होता. बोटं मोडून."

ताई, ते ऐकलं आणि मला सगळं आठवलं.

त्या सकाळी तो बॅग घेऊन आला. मला वाटलं, पाळीवरून आला. आमच्यात इतवारी सकाळी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा असतो. त्यानं तीन ताटं खाल्ली. मी चेष्टा केली, "रात्रभर टॉवरला काय दगड फोडत होता का?" तो खाता खाता एकदम म्हणाला, "चाची, तुमच्यात असं करतात का?" आणि त्यानं दोन्ही हात पुढं करून हवेतच एक तोंड धरल्यासारखं केलं, वरून खाली उतरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मी म्हटलं, "करतात की. बलाएँ घेणं म्हणतात त्याला. आई लेकराची सगळी बला आपल्या अंगावर घेते." तो म्हणाला, "आमच्यात पण तेच हाय म्हणजे."

मग त्यानं सांगितलं. मी त्याचेच शब्द लिहिते, जेवढे आठवतात तेवढे. "मी बाहेर पलंगावर होतो. आई रात्री उठून आली. पायातले जोडवे वाजू नयेत म्हणून टाचांवर चालत होती. माझ्या उशाला उभी राहिली लई वेळ. मग तिनं असं केलं. डाव्या हाताचं एक बोट वाजलंच न्हाई, तर तिनं ते पुन्हा मोडलं. तिला वाटलं मी झोपलोय."

मी विचारलं, "मग उठून बसायचं ना, गधड्या." तो म्हणाला, "डोळे उघडले असते तर आईनं हात मागं घेतला असता. म्हणून तसाच पडून राहिलो."

एवढं बोलून त्यानं चौथ्यांदा खट्टा मागितला. मला वाटलं, मागच्या कुठल्या खेपेचं सांगतोय. कोजागिरी नाही, ग्रहण नाही, त्यानं कशाचंच नाव घेतलं नाही. आणि माझ्या लेखी बोटं मोडणं ही रोजची गोष्ट. मी तर जीशानच्या फोटोवरूनही मोडते. म्हणून ते डोक्यात राहिलं नाही. तुम्ही ओवाळण्याचं विचारलंत आणि मी निरांजन शोधत बसले.

आता माझी सजा बघा, ताई. आधी खोटं लिहिलं, ते तुम्ही रडून वाचलं. आता खरं लिहिते आहे, तर तुम्ही का म्हणून मानाल? तुमच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, या शिंपिणीनं नवीन कापड आणलं. कुराणावर हात ठेवून सांगेन म्हटलं, तर वाजिद रागावले. म्हणाले, "कसम खाऊ नको. खरं असेल तर त्या बाईला त्यातलं काहीतरी माहीत असेल. माहीत नसेल तर कसमेनं काय होणार?"

तर मी कसम खात नाही. बोटाचं खरं-खोटं तुमचं तुम्हाला ठाऊक. मी काही तिथं नव्हते.

गौसिया


चाकूर
९ ऑक्टोबर २०२५

गौसियाबाईंना, सिंधुकडून.

तुमचं पत्र चार तारखेला, शनिवारी दुपारी मिळालं. टपाल खरंच अडकलं होतं, दोन्ही पत्रं एकदम आली. पंचवीस तारखेचं आधी वाचलं, मग हे.

बाई, ते बोट खरं आहे.

माझ्या डाव्या हाताची करंगळीजवळची दोन बोटं संधिवातानं आखडलीत. त्यातलं एक त्या रात्री वाजलं नाही. मी पुन्हा मोडलं. ही गोष्ट मी यांना सांगितली नाही, तनुजाला नाही, देवासमोरही बोलले नाही. हे जगात मला एकटीला माहीत होतं, असं मी आजवर समजत होते. जोडव्यांचंही खरं आहे.

मागं मी लिहिलं की त्या रात्रीचं बाकी सांगण्यासारखं काही नाही. तेच तर सांगायचं होतं, आणि तेच लिहायला हात चालला नाही. आता लिहिते.

मला झोप लागेना. उपाशी पोरगं बाहेर, आणि मी आत. रात्री एक वाजून गेल्यावर उठले. ग्रहण लागलेलं होतं, फार नाही, चंद्राची एक कड तेवढी काळी झाली होती. बाकी उजेड कोजागिरीचाच. त्या उजेडात हरिओमचं तोंड दिसत होतं. तो लहानपणी झोपायचा तसाच, एक हात डोक्याखाली घेऊन. मला राहवलं नाही. दिवा लावायचा नव्हता, म्हणून नुसतेच हात फिरवले आणि बोटं मोडली. मग लगेच भानावर आले. ग्रहणात, वेध चालू असताना, मी हे काय करून बसले, असं म्हणून घाबरून आत पळाले.

तुम्हाला मी असं लिहिलं की जणू ओवाळलं नाही म्हणून तो गेला. ते अर्धंच होतं. मला खरी भीती वेगळी होती. मला वाटायचं की मी ग्रहणात हात फिरवला, म्हणून ते उलटं पडलं. बला काढायला गेले आणि माझ्याच हातानं त्याच्या अंगावर घातली. म्हणून मी ईश्वरीला हात लावत नव्हते. बाळंतपणाला गेले तेव्हा तिला न्हाऊसुद्धा घातलं नाही, मोलकरीण ठेवायला लावली. तनुजाला वाटलं, मुलगी झाली म्हणून आईचं तोंड उतरलं. ते मी वाटू दिलं. याहून वाईट मी आयुष्यात काही केलं नसेल.

आणि तो जागा होता. सकाळी तुमच्याकडं जाऊन त्यानं ते आवडीनं करून दाखवलं. माझ्यापाशी मात्र बोलला नाही, दिवाळीत आला तेव्हाही नाही. त्याचं बरोबरच होतं. डोळे उघडले असते तर मी हात मागं घेतलाच असता, वर दोन शब्द सुनावले असते. मी तशीच होते. आईचा हात मिळावा म्हणून तेहतीस वर्षांच्या लेकराला झोपेचं सोंग घ्यावं लागलं. हे कळल्यावर मला बरं वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. आणि त्याच्या दुप्पट वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, कुठलंच पुढंमागं होत नाही. पत्र वाचल्यावर मी मोठ्यानं रडले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, पण हे शेतातून धावत आले म्हणजे बराच मोठा असणार. त्यांना मी पत्र वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याजवळ बसले. मग पाकिटाच्या मागं लिहून दाखवलं, "तीन ताटं खाल्ली म्हणजे पोट भरलं असंल त्याचं."

वाजिदभाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना ते आठवलं नसतं तर मी अशीच मेले असते.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी लातूरला गेले. सांगितलं नव्हतं. तनुजानं दार उघडलं आणि पोर माझ्या हातात दिली. मी घेतली. तिला सगळं सांगितलं, आधी ग्रहणाचं, मग बाळंतपणातलं. ती ऐकताना रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. "दोन वर्षं एकटीच घेऊन बसलीस आई, मी काय मेले होते का," असं कागदावर लिहून मला दाखवलं. कान गेल्यापासून ती माझ्याशी भांडायचं असेल तर लिहूनच भांडते.

संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर पाट मांडला. आणखी चार बिऱ्हाडांची दुधं तिथंच आटत होती. ढग होते, चंद्र आत-बाहेर करत होता, लोक दुधाची भांडी घेऊन वर बघत उभे होते. ईश्वरी अजून नीट बसत नाही, एका बाजूला कलते, म्हणून तनुजानं तिला मांडीवर धरलं. मी ताट घेतलं तेव्हा वाऱ्यानं ज्योत दोनदा विझायला आली, मी पदर आडवा धरला. डोळ्यांना पाणी होतं, त्यात हरिओमच दिसत होता, आणि तो दिसू नये असं मला वाटलं नाही. ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवलं. चार बायका बघत होत्या. मी दोन्ही हातांनी लेकराचं तोंड धरलं.

ती टक लावून माझ्याकडं बघत होती. मी हात मागं घेतला नाही.

सिंधु